तुफान, १:८७ : डब्ल्यूडीपी-३ए इंजिनाच्या मॉडेलच्या नोंदी

७ मे २०२३

खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, म्हणजे १:८७ प्रमाणात, रेल्वे इंजिनाचं मॉडेल करायचं ठरवलं. सुरुवातीला यादीत तीन डिझेल इंजिनं होती : डब्ल्यूडीएम-४, डब्ल्यूडीपी-१ आणि डब्ल्यूडीपी-३ए. तिन्ही भारतातली, तिन्ही संख्येने थोडी, आणि तिन्हींच्या वाट्याला शेवटी भलतंच काम आलं. आज वेळेचा हिशोब मांडला आणि पहिली दोन खोडली. शाळा सांभाळून एका इंजिनाला तीन महिने लागतील असा अंदाज आहे.

खोडताना जीवावर आलं. डब्ल्यूडीएम-४ ही जनरल मोटर्सची ७२ इंजिनं, १९६२ पासून अमेरिकेहून आलेली. नावात 'एम', म्हणजे मालगाडी आणि प्रवासी गाडी दोन्हींसाठी. पण मार्च १९६९ मध्ये नवी दिल्ली ते हावडा पहिली राजधानी धावली ती याच इंजिनावर. डब्ल्यूडीपी-१ चं नेमकं उलटं. नावात 'पी', खास प्रवासी गाड्यांसाठी म्हणून वाराणसीच्या कारखान्यात १९९५ ते १९९९ या काळात ६९ बांधली गेली आणि त्यांतली कित्येक पुढे यार्डात शंटिंगला लागली. इंजिनाच्या नावातलं अक्षर कारखान्याचा बेत सांगतं. रुळावर काय घडलं हे ते सांगत नाही. हे मॉडेल करताना मला दुसरी गोष्ट दाखवायची आहे.

डब्ल्यूडीपी-३ए, म्हणजे तुफान, यादीत राहिलं, कारण ते मी स्वतः पाहिलंय. रत्नागिरी स्टेशनात, त्रिवेंद्रम राजधानीच्या पुढे.

१४ मे

एक आठवडा फुकट गेला. कारण लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोणाचा जाणार नाही.

डब्ल्यूडीपी-३ए चे जुने फोटो आणि टिपणं शोधत होते. २००२ च्या आधीचं काहीच सापडेना. बाजूला डब्ल्यूडीपी-२ नावाच्या इंजिनाची माहिती जमत होती. ते वेगळं, आपल्या कामाचं नाही, असं समजून मी ती दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकत गेले. दोन्हीकडचे नंबर सारखेच आहेत हे काल रात्री लक्षात आलं. १५५०१ पासून १५५४४ पर्यंत. म्हणजे एकच इंजिन, दोन नावं.

१९९८ मध्ये पहिलं इंजिन आलं तेव्हा त्याचा वर्ग डब्ल्यूडीपी-२ होता. पुढे रेल्वेने नाव देण्याची पद्धत बदलली : आकडा म्हणजे हजार अश्वशक्ती, पुढचं अक्षर म्हणजे वरचे शंभर. तुफानची ताकद ३१०० अश्वशक्ती, म्हणून ३ए. डब्ल्यूडीपी-१ ला मात्र हा नियम लावला नाही, तिचं नाव जुनंच राहिलं. तेव्हा नावावर शोधू नका, नंबरावर शोधा. नंबर बदलला नाही.

एकूण ४४ इंजिनं. हजारोंच्या संख्येने असलेल्या डब्ल्यूडीएम-२ च्या गर्दीत ४४ म्हणजे काहीच नाही.

२८ मे

पहिली महागडी चूक.

चेसिस स्वतः बनवण्याची माझी ऐपतही नाही आणि हातोटीही नाही. जुनं सहा ॲक्सलचं अमेरिकन मॉडेल घ्यायचं, वरचं कवच काढायचं आणि मोटर, गिअर, चाकं वापरायची, हा नेहमीचा मार्ग. तुफानच्या आत अल्को या अमेरिकन कंपनीच्या घडणीचं, १६ सिलिंडरचं अल्को २५१ डिझेल इंजिन आहे, म्हणून मी अल्कोच्याच अमेरिकन इंजिनाचं मॉडेल शोधून मागवलं. ₹६,२००.

खोका उघडला, बोगी पाहिली आणि गप्प बसले. (बोगी म्हणजे इथे चाकांचा सांगाडा, आपण बोलताना डब्याला म्हणतो ती नव्हे.) आत ट्रायमाउंट बोगी होती. आपल्या डब्ल्यूडीएम-२ खाली असते तीच जात, जिच्या तीन ॲक्सलमधली अंतरं असमान असतात. तुफानला ती नाहीच. त्याला ताशी १६० किलोमीटरचा विचार करून दोन टप्प्यांच्या स्प्रिंगची फ्लेक्सिकॉइल बोगी दिली होती. डिझेल इंजिन अल्कोचं, म्हणून खालचंही अल्कोचंच असेल, हे मी गृहीत कसं धरलं कोण जाणे. फोटो टेबलावर पडले होते, त्यात स्प्रिंगा स्पष्ट दिसत होत्या.

४ जून

ते मॉडेल एका ओळखीच्या मुलाने ₹४,५०० ला घेतलं. त्याला डब्ल्यूडीएम-२ करायचं आहे, त्याच्या अगदी कामाचं. माझे ₹१,७०० गेले. दुसरं, वेगळ्या बोगीचं, ₹७,४०० ला मिळालं. बोगीच्या बाजूच्या फ्रेम खरवडून नव्या लावाव्या लागतील, पण ॲक्सलची अंतरं माझ्या फोटोशी बऱ्यापैकी जुळतात.

११ जून

कारखान्याचे नकाशे माझ्याकडे नाहीत. मापं फोटोवरूनच काढायची होती. एका रेल्वेवेड्या स्नेह्याने तिरुचिरापल्लीला काढलेला एक फोटो आहे. तुफान आणि मागचा डबा, दोन्ही बरोबर बाजूने. अशा फोटोत एका वस्तूचं खरं माप माहीत असलं की बाकीची गणिताने निघतात.

मी चाक घेतलं. चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, हे पक्कं. त्यावरून इंजिनाची लांबी काढली, पुठ्ठ्याचा साचा कापला, चेसिसवर ठेवला. बेढब दिसत होता, सांगता येत नव्हतं का. दोन दिवस मी चेसिसलाच दोष देत होते.

१०९२ हे नव्या चाकाचं माप. इंजिन धावतं तसं चाक झिजतं, लेथवर पुन्हा घासलं जातं, पुन्हा झिजतं. फोटोतलं चाक किती जुनं आहे हे मला कसं कळणार? झिजलेल्या चाकाला मी नव्याचं माप दिलं आणि इंजिन कागदावर फुगलं. १:८७ मध्ये लांबी जवळपास १० मिलिमीटरने जास्त येत होती.

मग मागच्या डब्याकडे वळले. तो चेन्नईच्या आयसीएफ या डब्यांच्या कारखान्याचा. त्याच्या कवचाची लांबी २१,३३७ मिलिमीटर, ती झिजत नाही. १:८७ मध्ये २४५.३ मिलिमीटर. त्याच्या आधाराने काढलेली मापं जुळली. समोरून काढलेल्या फोटोला बफरमधलं अंतर घ्या : आपल्या ब्रॉडगेजवर मध्यापासून मध्यापर्यंत १९५६ मिलिमीटर, मॉडेलवर साडेबावीस. तेही पक्कं.

२५ जून

गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, प्रश्न टाळत होते, आज सोडवला. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ ला १९.२६. बाजारातले रूळ १६.५ मिलिमीटरचे, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या रुळांसाठी बनतात. बरोबर गेज करायचं तर चाकं ॲक्सलवर सरकवायची, रूळ हाताने घालायचे, सांधे हाताने करायचे. मला इंजिन पुरं करायचं आहे, म्हणून १६.५ वरच राहिले.

त्यामुळे अडचण येते ती समोरून पाहताना. कवच आणि बोगीच्या फ्रेम ब्रॉडगेजच्या रुंदीच्या, आणि चाकं आत, दोन्हीकडे पोकळ. यावर उपाय असा सापडला : ब्रेकचे ठोकळे आणि त्यांचे दांडे थोडे जाड करून फ्रेम आणि चाक यांच्या मध्ये बसवले. अंधार भरला. हाताच्या अंतरावरून आता खटकत नाही.

१६ जुलै

कवच. बाजूच्या भिंती १ मिलिमीटर स्टायरीन शीटच्या. तुफान इतर अल्को इंजिनांसारखं नाही, ज्यांना अरुंद हूड आणि बाजूने चालायला फळी असते. याचं अंग पूर्ण रुंदीचं, दोन्ही टोकांना कॅब. सपाट भिंती सोप्या वाटल्या आणि तिथेच फसले. आतून आडव्या पट्ट्या लावल्या नव्हत्या. सॉल्व्हंट गोंदाने कोपरे चिकटवले आणि दोन दिवसांत भिंत आतल्या बाजूला बशीसारखी वळली. सरळ करण्याच्या नादात एक कोपरा तडकला.

दुसऱ्यांदा भिंत दोन पदरी केली : बाहेर ०.५, आत १, आणि दर ३० मिलिमीटरवर उभी बरगडी. आता आठ दिवस झाले, सरळ आहे. स्टायरीनचे एकूण ₹१,१५०, त्यातलं निम्मं कचऱ्यात.

पावसाचा जोर आहे. तीनदा वीज गेली.

६ ऑगस्ट

तोंड. या इंजिनाचं सगळं रूप तोंडात आहे. 'तुफान' हे नाव शोभतं ते त्या मागे झुकलेल्या नाकामुळे. शीट वाकवून ते जमणार नव्हतं. संगणकावर आराखडा काढला, पुण्याला भाच्याकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे, त्याला पाठवला.

पहिला नमुना : काचांची चौकट इतकी बारीक काढली होती की आधार काढतानाच मोडली. दुसरा : छापताना त्याच्याकडे वीज गेली, अर्धं नाक हातात. तिसरा नीट आला, मग मीच बिघडवला. रेझिन पुरतं कडक व्हायला अतिनील प्रकाश द्यावा लागतो, मी उन्हात ठेवलं. ऊन ढगांच्या फटीतून आलं, एकाच बाजूने. नाक एका अंगाला कलंडलं. कोमट पाण्यात घालून, लाकडी ठोकळ्यावर रबरबँडने आवळून रात्रभर ठेवलं. ९० टक्के सरळ झालं. उरलेलं पुटीने भरलं.

तीन छपायांचे ₹२,१००. भाचा पैसे घेत नव्हता, पण रेझिन महाग असतं, त्याला घ्यायला लावले.

दुसऱ्या टोकाचं नाक त्याच तिसऱ्या फाइलवरून केलं. दुरुस्ती संगणकावरच करा, वस्तूवर नको. वस्तूवर केलेली दुरुस्ती दुसऱ्या टोकाला पुन्हा करावी लागते.

३ सप्टेंबर

प्राइमर मारला. दहा मिनिटांत सगळ्या अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखी साय धरली. हवेत ओल होती. लॅकर रंग सुकताना गारवा होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरट पडतो. रत्नागिरीत राहून सप्टेंबरच्या सुरुवातीला स्प्रे मारायला घेतला, याला घाईशिवाय दुसरं नाव नाही. सगळं घासून काढलं. रेषा बुजल्या, दरवाज्यांचे काठ पुन्हा कोरावे लागणार.

रंग आता दिवाळीनंतर.

२१ सप्टेंबर

गणपतीला अण्णा आले होते. माझ्या मावशीचे यजमान, डिझेलवर आयुष्य काढलेले ड्रायव्हर. लोको पायलट हा शब्द ते स्वतःसाठी वापरत नाहीत.

मी आवाजाचं छोटं यंत्र घेतलं होतं, ₹२,६००, 'डिझेल इंजिन' एवढंच खोक्यावर लिहिलेलं. अण्णांना खुर्चीत बसवून डोळे मिटायला सांगितलं आणि सुरू केलं. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाले, "हे आपलं नव्हे गं. हा हुबळीवाल्याचा आवाज."

बरोबर होतं. यंत्रात ईएमडी या अमेरिकन कंपनीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज होता, म्हणजे हुबळी शेडच्या डब्ल्यूडीपी-४ च्या घराण्याचा. अल्को २५१ फोर-स्ट्रोक. ते थांबलेलं असतानाही एका लयीत धडधडत नाही, अडखळत, दम घेत धडधडतं. अण्णांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. नॉच (ताकद वाढवण्याच्या दांड्याची पायरी) वाढवला की आधी काळा धूर, मग आवाज, मग ओढ, हा क्रम. टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला, वेग धरायला वेळ लागतो आणि तोवर डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून तो धूर.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला मॉडेलहून मोलाचं वाटतं. तुफान आलं तेव्हा डिझेलवर राजधानी ओढण्याचा मान त्याला होता. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक शेडची इंजिनं त्रिवेंद्रम राजधानी घेऊन कोकणातून जायची. त्याच सुमाराला, २००१ मध्ये, ४००० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीपी-४ देशात आलं होतं. कमी डिझेल, जास्त ताकद, देखभाल कमी. जसजशी ती इंजिनं वाढली तसतशा मोठ्या गाड्यांच्या लिंका (ठरलेल्या फेऱ्या) तिकडे गेल्या. "इंजिन वाईट म्हणून नाही गेलं," अण्णा म्हणाले, "त्याच्या शेजारी दुसरं येऊन उभं राहिलं."

यंत्र विकलं जात नाहीये. मॉडेल मुकं राहील. चुकीच्या आवाजापेक्षा ते बरं.

१५ ऑक्टोबर

रंगाची वाट पाहत असताना चालवून पाहिलं. आठ डबे जोडले, इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत उभं.

दोन कारणं निघाली. पहिलं, एका ॲक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर तडकला होता. जुन्या मॉडेलांत हे होतंच : धातूच्या ॲक्सलवर घट्ट बसवलेलं प्लास्टिक वर्षानुवर्षांच्या ताणाने चिरतं. हळू चालवताना 'टक टक' आवाज आला तर मोटर उघडू नका, आधी गिअर पाहा. मी मोटर उघडली, ब्रशची स्प्रिंग उडाली, कपाटाखाली सापडायला एक संध्याकाळ गेली. गिअर येईपर्यंत तो ॲक्सल मोकळा ठेवून चालवलं. घसरणं आणखी वाढलं. डब्ल्यूडीपी-४ च्या सुरुवातीच्या इंजिनांत सहा ॲक्सलपैकी चारांनाच मोटरी होत्या, पुढच्या डब्ल्यूडीपी-४बी ला सहाही ॲक्सलना दिल्या. ओढणाऱ्या ॲक्सलवर नसलेलं वजन पकडीच्या कामाचं नाही, हे मी वाचलं होतं, पण ते कळलं माझ्या टेबलावर, एक ॲक्सल मोकळा सोडल्यावर.

दुसरं कारण वजन. मूळ कवच धातूचं होतं, माझं स्टायरीनचं. सगळं मिळून ३१० ग्रॅम. इथे मला डब्ल्यूडीपी-१ ची आठवण होते. चार ॲक्सल, २३०० अश्वशक्ती, वजन ८० टन. डब्ल्यूडीएम-२ चं वजन ११२.८ टन. हलकं इंजिन चटकन वेग घेईल हा हिशोब छोट्या गाडीला लागू होता. लांब गाडी मागे लावली की रुळावर पकड धरायला वजनच कमी पडतं.

जाळ्याला लावतात ते शिशाचे गोळे बंदरावरून आणले, हातोडीने चपटे केले, छताच्या आत आणि दोन्ही बोगींच्या बरोबर वर बसवले. आधी सगळं वजन मध्यभागी ठेवलं होतं, त्याने चेसिस किंचित वाकला. बोगीच्या वरच ठेवा. ४२५ ग्रॅमवर थांबले. ४८० करून पाहिलं तर पंधरा मिनिटांत मोटर हात लावू देईना. शिशाला हात लावल्यावर हात साबणाने धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्यापासून लांब करा.

गिअरचे ₹४८०.

१९ नोव्हेंबर

कोरडी हवा. प्राइमर एका दिवसात, न पांढरट होता. सप्टेंबरमधले दोन आठवडे वाचले असते.

रंगाची गोष्ट लांब आहे. निळा कुठला? माझ्याकडचा रत्नागिरीचा फोटो रोलच्या कॅमेऱ्याचा, आता पिवळट-तांबडा पडलेला. त्यातला निळा तसाच उतरवला तर मॉडेल जांभळट आलं. चार तुकड्यांवर चार मिश्रणं करून पाहिली, प्रत्येक फोटोजवळ धरलं की बरोबर वाटायचं आणि अंगणात नेलं की चुकायचं.

त्याच फोटोत मागे स्टेशनच्या नावाची पाटी आहे. पिवळ्यावर काळी अक्षरं. हा पिवळा मला माहीत आहे, तो रोज दिसतो. स्टेशनवर जाऊन पाटीचा आजचा फोटो काढला, संगणकावर जुन्या फोटोतली पाटी आजच्या पाटीसारखी दिसेपर्यंत रंग सरकवले, आणि निळा आपोआप जागेवर आला. पाटी पुन्हा रंगवली गेली असेल, ऊन वेगळं असेल, तरी चार मिश्रणांपेक्षा हे कैक पटीने बरं. ज्यांच्याकडे जुने फोटोच आधार आहेत त्यांनी फोटोत एखादी न बदलणारी ओळखीची वस्तू शोधावी.

रंग, थिनर, मास्किंग टेप मिळून ₹१,९००. पट्ट्याच्या कडेला टेपखालून रंग झिरपला, दोन ठिकाणी. टेप लावल्यावर आधी खालचाच रंग एकदा मारायचा, म्हणजे झिरपला तर तोच झिरपतो. मला हे नंतर कळलं.

१७ डिसेंबर

आज कळलं की मी दोन वेगवेगळ्या वर्षांचं एकच इंजिन बांधतेय.

बाजूची मापं तिरुचिरापल्लीच्या फोटोतून घेतली. तो फोटो उशिराचा, तुफान राजधानीवरून उतरून लहान गाड्यांना लागल्यानंतरचा. मापांबरोबर मी त्यातले बारकावेही उचलले : समोरच्या काचेवरची जाळी, एका पायरीची डागडुजी, कॅबखालचा ठोकून सरळ केलेला पत्रा. आणि रंग मात्र रत्नागिरीच्या फोटोतला, राजधानीच्या काळातला. माझ्या फोटोत काचेवर जाळी नाही.

टेबलावर दोन्ही फोटो ठेवून बराच वेळ बसले. उशिराचं तुफान करणंही योग्यच झालं असतं. उतरती कळा लागलेल्या इंजिनाचं मॉडेल फार कमी लोक करतात आणि मला ते करावंसं वाटत होतं. तंजावरच्या बाजूची एखादी पॅसेंजर, मागे मोजके डबे. पण मग माझा निळा चुकतो, आणि मी जे डोळ्यांनी पाहिलं ते राहून जातं. शेवटी रत्नागिरीच्या फोटोच्या मागे लॅबचा शिक्का आहे तीच तारीख धरली : ऑगस्ट २००७. जाळी काढली. तारेची होती, एक एक टाका उपटताना दोन काचांना ओरखडे आले. काचा नव्या केल्या. पत्र्यावरचा ठोकाही भरून काढला.

जो कोणी हे इंजिन करेल त्याने पहिल्या दिवशी एक तारीख भिंतीवर लिहून ठेवावी आणि त्या तारखेच्या अलीकडचा-पलीकडचा फोटो फक्त मापांसाठी वापरावा.

१४ जानेवारी २०२४

अक्षरं. पाण्याच्या डिकॅलवर (ओलं करून चिकटवायच्या पातळ पट्टीवर) छापून घेतली, ₹६५०. 'द.रे.' (दक्षिण रेल्वे) देवनागरीत, गोल्डन रॉकचं नाव, वर्गाचं नाव. मी जुन्या सवयीने फाइलमध्ये डब्ल्यूडीपी-२ लिहिलं होतं. २००७ मध्ये ते ३ए झालेलं होतं. छापायला देण्याआधी दिसलं, वाचले.

चकचकीत वार्निशचा एक हात आधी मारा. मॅट रंगावर डिकॅल लावलं की त्याखाली हवा राहते आणि पट्टी चांदीसारखी चमकते. माझी एक पट्टी अशी वाया गेली.

२८ जानेवारी

कोकणातलं इंजिन म्हणून मी हौसेने जांभ्याची धूळ केली. घराच्या गडग्याचा दगड कुटला, सुती कापडातून दोनदा चाळला, बोगीवर आणि टाकीवर ब्रशने बसवला. पहिल्यांदा न चाळता लावला तेव्हा खडे एवढे दिसत होते की १:८७ मध्ये ते धोंडे झाले असते. चाळल्यावर रंग सुंदर आला. खरा कोकणाचा.

अण्णांना फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. "पोरी, तारीख कुठली धरल्येस?"

"ऑगस्ट दोन हजार सात."

"मग ऑगस्टात धूळ कुठली?"

मी कोकणात राहते आणि हे मला सुचलं नाही. ऑगस्टात गाडी पावसाळी वेळापत्रकावर असते, वेग कमी केलेला, दरडीच्या जागी गस्त. इंजिन रोहा सोडतं तेव्हापासून धुऊन निघत असतं. धूळ नसते. चिखलाचे शिंतोडे असतात, चाकांच्या मागे वरच्या दिशेने गेलेले. छतावर धुराची काजळी असते, ती पाण्याबरोबर भिंतीवरून ओघळलेली. आणि सगळ्यावर ओलेपणाची चमक.

ओल्या कापडाने धूळ पुसली. पूर्ण निघाली नाही, सांध्यांत तांबूस राहिली, ते उलट चांगलं झालं. छतावरून काळ्या रंगाचे पातळ ओघळ वरून खाली ओढले. खालच्या अंगाला तोच जांभा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने उडवला. शेवटी छतावर आणि नाकावर चकचकीत वार्निश, भिंतीवर अर्धं-चकचकीत.

१८ फेब्रुवारी

खर्च ₹१७,९८० झाला. ठरवले होते ₹१०,०००. वेळ तीन महिन्यांऐवजी साडेनऊ. यातला मोठा वाटा चुकीच्या बोगीचा, बिनकामाच्या आवाजाचा आणि सप्टेंबरच्या रंगाचा.

बफर धातूचे लावले. डबा जोडायचा कपलर मधोमध, त्याला लटकलेली स्क्रू कपलिंगची साखळी तांब्याच्या तारेची केली. आपल्याकडे इंजिनाला दोन्ही लागतात, कारण मागे कुठला डबा येईल सांगता येत नाही. साखळी लोंबती ठेवली तर सांध्यावर अडकते. वर उचलून आकड्याला अडकवा.

अण्णा आले होते. आठ डबे जोडून चालवलं, मग दहा. दहालाही ओढलं, वळणावर थोडं घसरलं. त्यांनी खाली वाकून, डोळा रुळाच्या पातळीवर आणून, इंजिन समोरून येताना पाहिलं. तीन वेळा. मग म्हणाले, "उजवीकडचा हेडलाइट मंद कर जरा." दोन्ही एकाच तारेवर आहेत, वेगळा करावा लागेल.

नंबर अजून घातलेला नाही. रत्नागिरीच्या फोटोत नंबरावर प्लॅटफॉर्मवरच्या हमालाच्या डोक्यावरची ट्रंक आली आहे. १५५ एवढं दिसतं, पुढचे दोन आकडे ट्रंकेमागे. अण्णांकडे जुन्या डायऱ्या आहेत, कुठल्या तारखेला कुठलं इंजिन घेतलं त्याच्या. २००७ ची सापडत नाहीये. २००६ आणि २००८ आहेत. मावशी म्हणते माळ्यावर अजून एक पेटी आहे. ४४ पैकी कुठलाही नंबर घातला तर ओळखणारं कोणी नाही, पण त्या दिवशी त्या गाडीपुढे एकच इंजिन उभं होतं. पेटी होळीला उतरवणार आहोत. तोवर ती पट्टी कोरी.